लय मेंदूची की पायांची

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक आलेख काढला. आडव्या अक्षावर उंदराचा धावण्याचा वेग, उभ्या अक्षावर त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या थीटा लयीची वारंवारिता. ठिपके एका तिरक्या रेषेवर असे ओळीने बसले होते की माझ्या मार्गदर्शक मॅडमचं जेवण उरकायचीही वाट न पाहता मी तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "ही लय मेंदूची आहे की पायांची?"

मी गप्प राहिले. उत्तर द्यायला मला पुढे चौदा महिने लागले.

आधी थीटा म्हणजे काय ते सांगते. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग माणसात कानशिलाच्या आत खोलवर असतो. उंदरात तो मेंदूच्या पृष्ठभागापासून जेमतेम दोन मिलिमीटर खाली सापडतो. नव्या आठवणी तयार होणं आणि आपण कुठे आहोत याचं भान राहणं, या दोन्ही कामांत त्याचा मोठा वाटा आहे. उंदीर चालू लागला, धावू लागला, हुंगत फिरू लागला की या भागातल्या असंख्य पेशींच्या विद्युत हालचाली एका ठेक्यावर येतात. सेकंदाला साधारण ६ ते १० आवर्तनं. तीच थीटा लय. १९३८ साली युंग आणि कोर्नम्युलर या जर्मन संशोधकांना सशाच्या मेंदूत ती पहिल्यांदा दिसली. १९५४ मध्ये ग्रीन आणि आर्दुईनी यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला. पण ती हालचालीशी जोडलेली आहे हे लख्खपणे मांडलं ते सी. एच. व्हँडरवुल्फ यांनी, १९६९ साली, कॅनडात.

व्हँडरवुल्फ यांचं काम मी जितक्या वेळा वाचलं तितक्या वेळा मला त्यांच्या चिकाटीबद्दल आदर वाटला. उंदराकडे बघत बसायचं आणि तो काय करतोय ते लिहून ठेवायचं, हीच पद्धत. चालणं, धावणं, मागच्या पायांवर उभं राहणं, उडी मारणं: थीटा आहे. चाटणं, चावणं, अंग साफ करणं: थीटा नाही. अंग साफ करताना उंदराचे पंजे, जीभ, मान सगळं जोरात चालू असतं, तरीही नाही. म्हणजे नुसते स्नायू हलून भागत नाही. कुठेतरी निघालेलं शरीर लागतं. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली होती, जी मला तेव्हा किरकोळ वाटली आणि पुढे तिनेच मला तारलं. उंदीर उडी मारायच्या बेतात असतो, अजून जागेवरच असतो, तेव्हाच त्याची लय चढायला लागलेली असते.

माझा विषय व्यायामाचा होता. १९९९ मध्ये साल्क इन्स्टिट्यूटमधल्या हेन्रिएट व्हान प्राग, गर्ड केम्परमान आणि फ्रेड गेज यांनी दाखवलं होतं की पिंजऱ्यात धावण्याचं चाक मिळालेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जास्त संख्येने तयार होतात. मला पाहायचं होतं की महिनाभर रोज मनाजोगतं धावलेल्या उंदराची थीटा बदलते का. मराठीत आपण माउस आणि रॅट दोघांनाही उंदीरच म्हणतो. व्हान प्राग यांचे होते ते माउस. आमचे होते रॅट, विस्टार जातीचे, पांढरे, लाल डोळ्यांचे, तीनशे ग्रॅमच्या आसपासचे.

परवानगीपासूनच सांगायचं तर, आपल्याकडे प्राण्यांवरच्या कुठल्याही प्रयोगाआधी संस्थेच्या नीतिसमितीकडे फॉर्म बी भरून द्यावा लागतो. किती प्राणी, का तेवढेच, वेदना होऊ नयेत म्हणून काय करणार, शेवटी त्यांचं काय करणार, सगळं लिहून. माझा फॉर्म दोनदा परत आला. तेव्हा चिडचिड झाली होती. आज तो फॉर्म काढून वाचला की वाटतं, दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलेला "इतक्या उंदरांची खरंच गरज आहे का" हा प्रश्न योग्य होता. मी संख्या कमी केली.

मग टेट्रोड, म्हणजे मेंदूत बसवायची, पेशींचे विद्युत सिग्नल टिपणारी तारांची जुडी. केसाहून कितीतरी बारीक, १७ मायक्रॉन जाडीच्या चार तारा एकत्र पीळ देऊन, गरम हवेने त्यांचं आवरण एकमेकांना चिकटवून एक टेट्रोड होतो. मग प्रत्येक टोकाला सोन्याचा मुलामा द्यायचा, म्हणजे टोकाचा विद्युत अडथळा कमी होतो आणि गोंगाट घटतो. पावसाळ्यात आमच्या खोलीत हवा इतकी दमट असायची की तारा एकमेकींना चिकटून बसायच्या. वैतागून मी हे काम पहाटे करू लागले. खिडकी बंद, पंखा बंद, श्वाससुद्धा बेताने. पहिला महिना मी टेट्रोड बनवण्याऐवजी तारा फेकण्यातच घालवला. पुढे हाताला अंदाज आला. पीळ पुरेसा झाला की तार बोटाखाली किंचित ताठते. ते कुठल्याही पुस्तकात मिळत नाही, शेजारी बसून शिकावं लागतं. मला ते आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सीनियर ताईने शिकवलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी माझे हात थंड पडले होते. आयसोफ्लुरेनने उंदीर झोपतो, त्याचं डोकं चौकटीत पक्कं बसवायचं, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम, अंगाखाली उबदार गादी. कातडी बाजूला केली की कवटीवर शिवणी दिसतात. त्या जिथे एकमेकींना मिळतात तो बिंदू म्हणजे ब्रेग्मा. तिथून मागे ३.८ मिलिमीटर, बाजूला २.४ मिलिमीटर, तिथे छिद्र. टेट्रोड ज्यात बसवलेत ते छोटं यंत्र, म्हणजे मायक्रोड्राइव्ह, छिद्रावर ठेवायचं आणि दातांच्या दवाखान्यात वापरतात त्या सिमेंटने कवटीला पक्कं करायचं. सगळ्या मोजमापांचा शून्य जिथून धरायचा तो ग्राउंडचा स्क्रू मागे, लहान मेंदूच्या वर. हा स्क्रू लक्षात ठेवा. माझ्या पहिल्या उंदरात सगळं बिघडलं ते इथेच.

टेट्रोड त्या दिवशी मुक्कामी नेत नाहीत. उंदीर आठवडाभर विश्रांती घेतो, वेदनाशामक घेतो, वजन सावरतो, मग रोज थोडं थोडं खाली जायचं. आमच्या ड्राइव्हचा स्क्रू पूर्ण एक फेरा फिरवला की टेट्रोड २५० मायक्रॉन उतरायचा, म्हणून पाव फेऱ्याच्या पुढे जायचं नाही असा नियम. या दिवसांत डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. सिग्नल स्पीकरला जोडलेला असतो. मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, खरखर असते. मग टेट्रोड पांढऱ्या तंतूंच्या थरात शिरतो आणि आवाज एकदम बसतो, वर्गात मास्तर आल्यासारखा. इथून पुढे घाई केली तर सगळं हातचं जातं. उंदीर पेंगत असताना पडद्यावर मधूनच बारीक, दाट थरथर दिसू लागते, सेकंदाला दीडशे ते दोनशे आवर्तनांची. तिला रिपल म्हणतात. रिपल मोठे होत चालले म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातल्या पेशींचा थर जवळ आला. आणि मग एका दिवशी पेशीच ऐकू येतात, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशा, दोन-तीन-चार झटपट आणि मग शांतता.

त्या दिवशी मी अ‍ॅनिमल हाऊसमधल्या काकांना हाक मारली. काका तिथे पंधरा वर्षं काम करत होते. उंदरांचं खाणं, पाणी, भुसा, वजन, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी कधी हा आवाज ऐकला नव्हता. ते कान देऊन उभे राहिले. उंदीर उठून चालायला लागला तशा लाह्या ठेक्यावर फुटू लागल्या, आणि मागची खरखरही त्याच ठेक्यावर चढू-उतरू लागली, कुणी घाईघाईने पीठ चाळावं तशी. "चालतोय म्हणून असं होतंय?" त्यांनी विचारलं. मी मोठ्या आत्मविश्वासाने हो म्हणाले.

तोच उंदीर चाकावर धावला, त्याच्याच नोंदींतून मी तो सुंदर आलेख काढला, आणि मॅडमनी तो प्रश्न विचारला.

प्रश्नाचं मूळ असं आहे. धावणारा उंदीर पावलं टाकतो. प्रत्येक पावलागणिक डोकं किंचित उसळतं. डोक्यावर यंत्र, यंत्राला वायर, वायर वर टांगलेली. डोकं उसळलं की वायर हलते, आणि हलणाऱ्या वायरीतून मायक्रोव्होल्टच्या मापाचे खोटे सिग्नल सहज उमटतात. आता हिशेब करा. उंदीर सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने धावतोय आणि त्याची ढांग सुमारे १३ सेंटिमीटर आहे. म्हणजे सेकंदाला तीन ढांगा, आणि पुढचे दोन पाय वेगवेगळे मोजले तर सहा पावलं. वेग वाढला की सात, आठ. बरोबर थीटाच्या पट्ट्यात! आणि वेग वाढला की पावलांची वारंवारिताही वाढणारच. मग माझ्या आलेखातली ती तिरकी रेषा मेंदूची कशावरून?

सगळ्यात आधी मी सगळ्या चॅनेलांवरच्या लहरी एकाखाली एक काढल्या. पाहताक्षणी पोटात गोळा आला. प्रत्येक टेट्रोडवर, मग तो कुठल्याही खोलीवर असो, लहर तंतोतंत सारखीच होती. तीच उंची, तोच क्षण. खरी थीटा अशी वागत नाही. पेशींच्या थरापासून खाली हिप्पोकॅम्पसच्या फटीकडे जावं तशी ती मोठी होत जाते आणि वाटेत हळूहळू तिची कला, म्हणजे चढ-उताराची वेळ, सरकते. फटीजवळ पोचेपर्यंत लहर जवळजवळ उलटी झालेली असते. वर शिखर तेव्हा खाली दरी. सगळीकडे एकसारखी लहर म्हणजे ती सगळ्यांच्या सामाईक जागेतून येत होती. ग्राउंडचा तो स्क्रू सैल झाला होता. पावलागणिक तो अंशभर हलायचा आणि सगळ्या चॅनेलांवर एकाच वेळी आपला ठसा उमटवायचा. खरी थीटा त्याच्याखाली होती, पण वेगळी काढण्यापलीकडे मिसळलेली. तीन आठवड्यांच्या नोंदी मी बाद केल्या. चूक माझी होती. सिमेंट भरण्याआधी मी स्क्रू नीट तपासला नव्हता. त्या उंदराने महिनाभर जे सोसलं ते माझ्या निष्काळजीपणामुळे वाया गेलं, ही बोच अजून आहे.

दुसरा उंदीर आला तो बंड्या. नाव काकांनी ठेवलं, कारण पिंजऱ्याचं झाकण उघडलं की हा बाहेर डोकं काढून तयारच. आम्ही प्राण्यांना नंबर देतो आणि वहीत मी नंबरच लिहायचे, पण तोंडी बंड्याच रूढ झालं.

बंड्याच्या वेळी मी दोन स्क्रू लावले आणि दोन्ही सिमेंटआधी तपासले. डोक्यावर बसणारं हेडस्टेज, म्हणजे सिग्नल वाढवणारं छोटं यंत्र, मी हालचाल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर असलेलं घेतलं, म्हणजे डोक्याची प्रत्येक उसळी त्याच घड्याळावर नोंदली जाईल. वायरीचा भार प्रतिवजनाने उचलून धरला. शस्त्रक्रियेआधी टेट्रोड मिठाच्या पाण्यात बुडवून, वायर हाताने सेकंदाला सात-आठदा हलवून पाहिली. पडद्यावर काही उमटलं नाही, तेव्हाच पुढे गेले.

आमच्या खोलीत दिवस-रात्र उलटे केलेले होते. सकाळी नऊला दिवे बंद, रात्री नऊला चालू. उंदीर निशाचर, त्यामुळे आपल्या कामाच्या वेळात त्याची रात्र असावी लागते. आम्ही मंद लाल दिव्यात वावरायचो, तो उजेड त्यांना फारसा दिसत नाही. बंड्याच्या पिंजऱ्यातच मीटरभर परिघाचं चाक होतं. पहिल्या आठवड्यात तो काही शे मीटर धावायचा. चौथ्या आठवड्यात अंधाराच्या बारा तासांत दोन-अडीच किलोमीटर. कुणी हाकललं नाही, कसलं आमिष नाही. का धावतो, हे मला कधी नीट उमगलं नाही, पण काका पिंजरा साफ करून चाक परत बसवत असताना तो शेजारी येऊन थांबायचा हे मी रोज पाहिलंय.

नोंदी चांगल्या येऊ लागल्या. खोलीप्रमाणे लहर सरकत होती. एक टेट्रोड पेशींच्या थरात होता. दुसरा मी मुद्दाम फटीच्या दिशेने खाली नेला होता आणि तिथे लहर दुपटीहून मोठी आणि जवळपास उलटी. पावलांचा वेग आणि थीटाचा वेग यांची चालही वेगळी निघाली. बंड्या रमतगमत चालताना पावलं सेकंदाला चार, थीटा सातच्या पुढे. जोरात धावताना पावलं आठाला भिडायची, थीटा मात्र आठ-साडेआठच्या वर जात नव्हती. लय नुसती पायांची असती तर दोघी एकाच चढाने चढल्या असत्या. आणि व्हँडरवुल्फ यांची ती उडी आठवते ना? बंड्या चाकावर चढून क्षणभर थांबायचा, मग निघायचा. त्याचं पहिलं पाऊल पडण्याआधी, अ‍ॅक्सेलरोमीटरची रेघ अजून सपाट असताना, थीटा सुरू झालेली असायची.

मला वाटलं झालं. मॅडमना वाटलं, जवळजवळ झालं. "जोरात धावताना दोन्ही एकाच पट्ट्यात येतात. तिथे तू खात्रीने कसं सांगशील? पाय पूर्ण थांबलेले आणि लय चालू, असं काही दाखव. तेही सेकंदभर नाही, चांगलं मिनिटभर."

त्या संध्याकाळी मी काकांना हे सांगत बसले होते. काका दरवर्षी आळंदीहून पायी पंढरपूरला जातात, म्हणून मला सुचली ती उपमा त्यांच्याच जगातली होती. म्हटलं, "काका, दिंडीत टाळ पावलांना चालवतो की पावलं टाळाला? माझं कोडं तेच आहे." ते म्हणाले, "चालताना नाही सांगता यायचं ताई. दोन्ही एकच असतं. पण रिंगणाला आम्ही जागेवर उभे असतो की, तरी टाळ चालूच असतो."

उंदराचं रिंगण म्हणजे झोप. रेम झोप. तीत स्वप्नं पडतात असं आपण माणसांबद्दल म्हणतो, आणि उंदरात त्या अवस्थेत थीटा असते हे कित्येक दशकांपासून माहीत होतं. मलाही माहीत होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं. पण माझ्या डोक्यात ते झोपेच्या प्रकरणात होतं आणि माझं काम धावण्याच्या प्रकरणात.

पुढच्या आठवड्यात मी बंड्याला संध्याकाळी चाकावर नोंदवलं, आणि नऊला दिवे लागल्यावर त्याच वायरीसह, तेच चॅनेल ठेवून, उंच कडांच्या मऊ डब्यात झोपू दिलं. त्या दिवशी काकांची रात्रपाळी होती. बंड्याने आधी बराच वेळ अंग चाटलं. थीटा नाही, वहीत लिहिल्याबरहुकूम. मग वेटोळं केलं. पडद्यावर मोठ्या, संथ लाटा आणि अधूनमधून रिपल. बारा-तेरा मिनिटांनी संथ लाटा मावळल्या. अ‍ॅक्सेलरोमीटरची रेघ आखणीने ओढल्यासारखी सरळ. मान सैल पडलेली, मिशांची एखाददुसरी थरथर. आणि स्पीकरमधून तेच घाईघाईने पीठ चाळणं.

मी घड्याळ लावलं. एक मिनिट बावीस सेकंद. बंड्याचा एकही पाय हलला नव्हता.

काका दारात उभे राहून ऐकत होते. "स्वप्नात धावतोय का?" मी त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. २००१ मध्ये केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन यांनी रेम झोपेतल्या उंदरांच्या पेशी तपासल्या. जागेपणी उंदीर वाटेवर धावताना पेशी ज्या क्रमाने चेतल्या होत्या, तोच क्रम झोपेत पुन्हा उमटलेला त्यांना सापडला. त्याला धावल्यासारखं वाटत असेल का, हे त्यावरून म्हणता येत नाही. काकांनी मान डोलावली आणि हळूच दार लोटून घेतलं, आवाजाने बंड्या उठू नये म्हणून.

झोपेतली थीटा मी धावतानाच्या थीटाशेजारी ठेवली. खोलीनुसार लहरीचं सरकणं दोन्हीकडे तेच. स्रोत तोच. म्हणजे चाकावर मी मोजत होते ती लय पायांनी हलवलेली वायर नव्हती. ती मेंदूतच उठत होती, आणि ती उठण्यासाठी मीडियल सेप्टम हा पेशींचा छोटासा गट लागतो. व्हिएन्नात पेट्शे आणि स्टुम्प्फ यांनी १९६२ मध्येच या गटातल्या पेशी थीटाच्या ठेक्यावर चेततात हे दाखवलं होतं. तो काढला तर हिप्पोकॅम्पसमधली थीटा नाहीशी होते. बॉनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये तर उलट बाजूने पाहिलं. सेप्टममधल्या ठरावीक पेशी प्रकाशाने ठेक्यात चेतवल्या आणि माउस धावायला लागले. तेव्हा पाय मागून आले.

यानंतर मी जुना आलेख नव्या नोंदींनी पुन्हा काढला. रेषा होती, पण पूर्वीइतकी तिरकी नाही, आणि ठिपके विखुरलेले. आधी मी हिरमुसले. मग ठिपक्यांना वेळेप्रमाणे रंग दिले आणि दिसलं की जास्त वारंवारितेचे बहुतेक ठिपके धाव सुरू होतानाचे, वेग वाढत असतानाचे आहेत. वेग चढून स्थिर झाला की थीटा थोडी खाली येऊन बसायची, जरी बंड्या पूर्वीपेक्षा वेगात असला तरी. याचा अर्थ लागला तो क्रॉप्फ, कार्मायकल, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांचं २०२१ चं काम वाचून. त्यांनी उंदराला बिनतळाच्या गाडीत ठेवलं होतं. गाडी ठरवलेल्या वेगाने रुळावरून जायची आणि आत उंदराला त्याच वेगाने धावावं लागायचं, त्यामुळे वेग आणि वेगवाढ एकमेकांपासून सुट्या करता आल्या. थीटाची वारंवारिता वेगवाढीबरोबर चढते, वेगाबरोबर नाही, आणि वेग कमी होताना तर तिच्यावर परिणामच नाही, असा त्यांचा निष्कर्ष. चाक जड असतं, त्याला स्वतःचा जोर असतो, म्हणून माझ्या नोंदींत हे त्यांच्याइतकं स्वच्छ वेगळं करता आलं नाही. पण दिशा तीच होती.

मूळ प्रश्न, महिनाभराच्या व्यायामाचा, त्याचं उत्तर मात्र थोडक्यात आटोपतं. चौथ्या आठवड्यात थीटा पहिल्या आठवड्यापेक्षा किंचित जलद दिसली. पण बंड्या तेव्हा जास्त जोरात निघायचा आणि जास्त वेळ धावायचा. सारखा वेग आणि सारखी वेगवाढ असलेले तुकडेच शेजारी ठेवले तर फरक जवळजवळ पुसला गेला. उरलेल्या फरकाला एक साधं कारण असू शकतं. धावलं की मेंदू तापतो. एडवर्ड मोझर यांनी १९९३ मध्ये, नोबेलच्या कितीतरी आधी, दाखवलं होतं की हिंडणाऱ्या आणि पोहणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधले जे बदल शिकण्याचे वाटत होते, त्यांतला मोठा भाग मेंदूच्या तापमानाचा होता. मी तापमान मोजलं नव्हतं. प्रबंधात तसंच लिहिलं.

आणि पायांचा प्रश्न? तो २०२३ मध्ये पुन्हा समोर आला. अभिलाषा जोशी, लॉरेन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात उंदरांचे पुढचे पाय खालून कॅमेऱ्याने टिपले. उंदराचं पाऊल टेकण्याचा क्षण आणि हिप्पोकॅम्पसमध्ये उमटणारं "मी कुठे आहे" हे चित्र यांचा मेळ बसतो, मात्र वाटेच्या काही टप्प्यांत बसतो आणि काही टप्प्यांत बसत नाही, असं त्यांना आढळलं. वाचून मी तो निबंध तडक मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "तेव्हा मी 'की' म्हणाले होते, 'आणि' म्हणायला हवं होतं." माझ्याकडे बंड्याच्या पावलांचं खालून चित्रण नाही. फक्त डोक्याच्या उसळ्या आहेत, आणि तेवढ्यावरून कुठला पाय कधी टेकला हे सांगता येत नाही. पुढच्या उंदरासाठी चाकाच्या पट्ट्या पारदर्शक बसवल्या आहेत.

बंड्याचा शेवट फॉर्म बीमध्ये लिहिला होता तसाच झाला. टेट्रोड नेमके कुठे होते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाकी सगळं अंदाजच राहतं. आदल्या दिवशी तो शेवटचा चाकावर धावला, चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी मी त्याला खोल भूल दिली, टोकांशी सूक्ष्म प्रवाह सोडून खुणा केल्या. पुढचं सगळं मी स्वतः केलं. ताई म्हणाली होती की हवं तर ती करेल, पण ते दुसऱ्यावर सोपवणं मला बरोबर वाटलं नाही. काका त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी चाक धुऊन उन्हाच्या खिडकीत वाळत ठेवलेलं दिसलं.

दोन आठवड्यांनी काप तयार झाले. चाळीस मायक्रॉन जाडीचे, क्रेसिल व्हायोलेटने रंगवलेले. एकामागून एक काचपट्ट्या पाहत गेले आणि अठराव्या पट्टीवर सापडलं. पहिल्या टेट्रोडची खूण बरोबर पेशींच्या थरात, दुसऱ्याची खाली फटीच्या काठाला. लहर जिथे उलटलेली दिसत होती ती हीच जागा. मी फोटो काढत असताना काका खाद्याची पोती मोजायला आले होते. काम उरकून ते मागे येऊन थांबले.

"बंड्याचं आहे का?"

मी खुर्ची बाजूला सरकवली. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"कुठे बघू?"

"ती जांभळी कमान दिसते ना काका, तिच्या मधोमध. बारीक भोक आहे बघा. तिथून ऐकत होतो आपण."